बहिरी, म्हणजे समुद्रावरची

बहिरी ससाण्याचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. मला बरीच वर्षं तसंच वाटत होतं, आणि पक्षी बघणाऱ्या दोन-तीन मित्रांनाही वाटत होतं हे कळल्यावर जरा बरं वाटलं. हा शब्द शिकारखान्यातून आलेला आहे. बह्‌र म्हणजे समुद्र, बह्‌री म्हणजे समुद्रावरची. ससाणे पाळणारे आणि शिकवणारे लोक हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन किनारपट्टीवर उतरणाऱ्या या पक्ष्याला, विशेषतः आकाराने मोठ्या असलेल्या मादीला, या नावाने ओळखत. सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहणारा त्याचाच भाऊबंद शाहीन, आणि पाहुणी ती बहिरी. इंग्रजीतल्या पेरेग्रिन या नावाचा अर्थ भटक्या, यात्रेकरू असा होतो. म्हणजे एका भाषेने पक्ष्याला त्याच्या जागेवरून नाव दिलं आणि दुसरीने त्याच्या सवयीवरून.

हे आठवायचं कारण जे. ए. बेकरचं ‘द पेरेग्रिन’ हे पुस्तक. ते १९६७ साली आलं, त्याच वर्षीचं डफ कूपर पारितोषिक त्याला मिळालं, मग ते बराच काळ विसरल्यासारखं झालं आणि गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा वर आलं. रॉबर्ट मॅकफर्लनने नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, वर्नर हर्झोग आपल्या चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना ते वाचायला लावतो. आता निसर्गलेखनाच्या कुठल्याही यादीत ते असतंच. अशा पुस्तकांबद्दल लिहिताना एक अडचण असते. स्तुतीचे सगळे शब्द आधीच वापरून झालेले असतात आणि ते बहुतेक खरेही असतात.

पुस्तकात घडतं ते दोन वाक्यांत सांगता येईल. एक माणूस ऑक्टोबर ते एप्रिल रोज बाहेर पडतो आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधल्या नदीच्या खोऱ्यात आणि खाडीकाठी, ससाणे शोधतो. कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. रोजनिशीच्या नोंदी आहेत, पण गावांची नावं नाहीत, माणसांची नावं नाहीत. कथानक तर नाहीच. जॉन ॲलेक बेकर १९२६ साली चेम्सफर्डमध्ये जन्मला, आयुष्यभर तिथेच राहिला, १९८७ साली वारला. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या तिथल्या शाखेचा तो व्यवस्थापक होता आणि त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलवरून हिंडायचा. चष्मा जाड होता. सांधे तरुणपणापासूनच आखडत चालले होते. म्हणजे पक्षीनिरीक्षकाला लागणाऱ्या दोन गोष्टी, डोळे आणि पाय, दोन्ही त्याच्याकडे कमअस्सल होत्या.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते ठाण्यात, मे महिन्यात, पंख्याखाली. पानापानांतून गार वारा, धुकं, गोठलेला चिखल, आणि माझ्या कोपराला कागद चिकटतोय. तरी मला थंडी वाजली होती. मग कुणीतरी म्हणालं की यातली दहा पानं मराठीत करून बघ. मी बसलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. भूगोलाची अडचण आली नाही. उलट कोकणाने आणि खाडीकाठच्या लोकांनी सगळे शब्द तयार ठेवलेले आहेत. भरतीचं पाणी आत येतं ती खारट जमीन म्हणजे खाजण. समुद्राला अडवायला घातलेला मातीचा बांध म्हणजे खारबांध. सुकती, उधाण, खाडीचं मुख, सगळं आहे. पक्ष्यांच्या वसतीसाठी काकागार, सारंगागार असे शब्द मारुती चितमपल्लींनी देऊन ठेवलेत. अडलो ते हवेपाशी. पाऊस आणि बर्फ एकत्र पडतं त्याला काय म्हणायचं? पाऊस-बर्फाची मिसळ म्हटलं की वाचकाचं लक्ष भलतीकडे जातं. आपल्याकडे हिवाळा हा पक्षी बघायचा सुखाचा मोसम. सकाळी सहाला उरणच्या किंवा ऐरोलीच्या बाजूला जायचं, नऊपर्यंत ऊन तापायच्या आत परत, वाटेत कुठेतरी चहा. वाईट हवा म्हणजे पाऊस, आणि पावसात पाणपक्षी नसतातच. वाईट हवेतला हिवाळा ही गोष्ट आपल्या पक्षीनिरीक्षणाच्या अनुभवात नाही, म्हणून भाषेत नाही.

आणि बेकरचं पुस्तक नेमकं त्या हवेचं आहे. ससाण्याचं पुस्तक म्हणून ते विकलं जातं, पण माझ्या मते ते खराब हवेत बघण्याचं पुस्तक आहे, आणि त्याचं मोठेपण तिथे आहे.

चांगल्या उन्हात पक्षीनिरीक्षण म्हणजे ओळख पटवणं. पायाचा रंग, चोचीचा बाक, भुवईची रेघ. नाव मिळालं की वहीत टिकमार्क आणि पुढे. मीही हेच करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण धुक्यात रंग जातात. भर वाऱ्यात दुर्बीण स्थिर राहत नाही, काचेवर थेंब बसतात, रुमाल ओला होतो आणि पुसून आणखी वाईट होतं. मग उरतात फक्त हालचाली आणि आवाज. बेकरचा ससाणा बहुतेक वेळा असाच, दुसऱ्यांच्या भीतीतून दिसतो. दूरवर रानकबुतरांचा थवा झाडीतून उसळला, शेतातले लॅपविंग (म्हणजे आपल्या टिटवीची शेंडीवाली चुलत बहीण) एकदम उठले, कावळ्यांचा सूर बदलला, की तो समजतो, आहे. आपल्याकडेही खाडीवर हे कुणी बघितलं नसेल असं नाही. हजारभर तुतवारे चिखलावर पसरलेले असतात आणि एका क्षणात चादर झटकावी तसे उठतात. आपण वर बघतो तोवर जे काय होतं ते गेलेलं असतं. बेकरने या उशिरा बघण्याची पद्धत केली. अधू डोळ्यांच्या माणसाने भित्र्या पक्ष्यांचे डोळे उसने घेतले, असं म्हणता येईल.

ससाण्याजवळ कसं जायचं याचे त्याचे नियम सुरुवातीलाच येतात. रोज तेच कपडे घालायचे, त्याच वेळी त्याच वाटेने जायचं, चेहऱ्याचा आणि हातांचा गोरेपणा झाकायचा, त्याला आपली सवय होऊ द्यायची. हे वाचताना मला ससाण्यापेक्षा नोकरीवर जाणारा माणूस आठवतो. तेच कपडे, तीच वेळ. बेकरने कचेरीची शिस्त खाजणात नेली, फक्त साहेब बदलला.

भाषेबद्दल थोडं लिहायला हवं, कारण सगळे त्याबद्दलच लिहितात. त्याची वाक्यं आखूड असतात. नामांना तो क्रियापदांसारखं राबवतो आणि उपमा एकीवर एक रचतो. दहापैकी सात उपमा अशा की आपण पान मिटून खिडकीबाहेर बघावं. उरलेल्या तीन मात्र जादा होतात. रोज एखादी मिठाई खायला बरी, पण दोनशे पानं सलग मिठाईच. धुकं, मृत्यू, प्रकाश, रक्त यांची पुनरावृत्ती मार्चपर्यंत थकवते. पुस्तक एका बैठकीत वाचू नये. रोज दोन नोंदी पुरेत.

तीनेक वर्षांपूर्वी कामानिमित्त लंडनला होतो तेव्हा एका जानेवारीत मी त्या किनाऱ्यावर गेलो. गाडी साउथमिन्स्टरला संपते. पुढे ब्रॅडवेल गाव, आणि गावापलीकडे रस्ता संपल्यावर पायवाट जाते सेंट पीटरच्या चॅपलकडे. सातव्या शतकातलं, जुन्या रोमन किल्ल्याच्या दगडांतून उभं केलेलं, धान्याच्या कोठारासारखं दिसणारं ते देऊळ समुद्राकडे तोंड करून एकटं उभं आहे. एका बाजूला बंद पडलेल्या अणुवीजकेंद्राचे चौकोनी ठोकळे, समोर डेंजीची खाजणं, आणि त्यापलीकडे चिखल इतका सपाट की तो कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. बोचरा पूर्वेचा वारा होता. त्या वाऱ्याला आडवं येणारं मध्ये काहीच नाही. कानटोपीवर कानटोपी घालूनही कपाळ दुखायला लागलं. पाऊस वरून येत नव्हता, बाजूने येत होता. दुर्बीण वीस मिनिटांत निकामी झाली.

खारबांधाच्या आडोशाला एक वयस्क जोडपं टेलिस्कोप लावून बसलं होतं. त्यांनी मला बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं, आणि थर्मासमधला चहा पुढे केला. ससाणा? अर्ध्या तासापूर्वी होता की, त्या तिथे, खांबावर. जगातल्या सगळ्या खाड्यांवर हेच वाक्य ऐकायला मिळतं. मग त्या बाईंनी मला टेलिस्कोपमधून ब्रेंट हंस दाखवले. काळपट, बसके, शेकड्यांनी चिखलाच्या कडेला चरत होते. हे सायबेरियाच्या तैमीर भागातून येतात. तिथल्याच टुंड्रात वाढलेले काही बहिरी ससाणे आणि तुतवारे आपल्या किनाऱ्यावरही उतरतात. एका उत्तरेच्या घरातून निघालेली पाखरं, काही या गारठ्यात थांबणारी, काही ठाण्याच्या खाडीत ऊन खात बसणारी. कोणी शहाणं ठरवायचं असेल तर मी आपल्याकडच्यांच्या बाजूने आहे.

तेवढ्यात चिखलावरचे नॉट उठले. हजारो असावेत. थवा वळला की पांढरा, पुन्हा वळला की राखाडी, मग धुरासारखा विरून दिसेनासा. कशाने उठले ते आम्हा तिघांपैकी कोणालाच दिसलं नाही.

आता पुस्तकावरच्या मुख्य आक्षेपाकडे. हे खरं आहे का?

बेकर स्वतःच सांगतो की तो दहा वर्षं ससाण्यांच्या मागे होता, आणि पुस्तकातली रोजनिशी मात्र एकाच हिवाळ्याची आहे. दहा हिवाळे आटवून त्याने एक केला असं आता अभ्यासक धरून चालतात. त्याच्या खऱ्या डायऱ्यांतलं जे उरलं ते आता एसेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि २०१०च्या आवृत्तीत त्यातला भाग छापलाही आहे. पण पक्षितज्ज्ञांची तक्रार आटवण्याबद्दल नव्हती. ससाणा केस्ट्रेलसारखा हवेत एका जागी फडफडत राहतो? नांगरलेल्या शेतात उतरून गांडुळं खातो? आणि त्या काळात, त्या भागात, इतके ससाणे, इतक्या सलगीने वागणारे? काहींनी म्हटलं की ते पाळीव, सुटून आलेले असतील. काहींनी म्हटलं की हा चष्मेवाला केस्ट्रेल बघून ससाणा लिहितोय. आणि काहींनी सरळच म्हटलं, बनवाबनवी.

बेकरचे चाहते यावर एक ठरावीक उत्तर देतात: हे साहित्य आहे, अहवाल नव्हे. मला हे उत्तर पटत नाही. कारण रोजनिशी सुरू होण्याआधीच्या प्रकरणात बेकर आकडे देतो. सापडलेल्या शिकारींचे अवशेष ६१९, त्यांत रानकबुतरं ३८ टक्के, आणि अशीच पुढे यादी. ज्याला अहवाल लिहायचा नाही त्याने टक्केवारी मांडू नये. आकड्यांचा विश्वास वाचकाकडून घ्यायचा आणि हिशेब मागितला की कवितेच्या आड लपायचं, हे चालणार नाही. हे दुहेरीपण बेकरने केलं की त्याच्या भक्तांनी, हा प्रश्न मी उघडा ठेवतो. माझा कल भक्तांकडे बोट दाखवण्याचा आहे. आटवण्याबद्दल मात्र मला राग नाही. आपल्या आठवणीतला पाऊसही असाच दहा पावसाळ्यांचा मिळून एक असतो.

शिवाय एका जागी शंकेला वाव राहत नाही, आणि ती जागा पुस्तकाच्या मध्यभागी आहे. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंडला आजही आठवतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला सुरुवात झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते बऱ्याच भागांत हटलं नाही. १७४० नंतरचा तो सर्वांत गार हिवाळा. केंटच्या किनाऱ्यावर समुद्र गोठला. पक्षी अमाप मेले. रेन नावाचा अंगठ्याएवढा पक्षी तर कित्येक ठिकाणी जवळजवळ नाहीसाच झाला. खाडीतला चिखल गोठला की चोच आत जात नाही, आणि चोच आत गेली नाही की चिखलावर जगणारा पक्षी दोन-चार दिवसांत संपतो. एवढं साधं गणित आहे. बेकरच्या डिसेंबर-जानेवारीच्या नोंदींवर त्या थंडीची छाप आहे आणि तिथे त्याच्या उपमा आपोआप कमी होतात. त्यातलं बगळ्याचं पान मी तीनदा वाचलंय. एक बगळा शेतात पडलेला आहे, पंख दहिवराने जमिनीला चिकटलेत, जिवंत आहे, आणि हा माणूस जवळ येताना बघून तशाही अवस्थेत उठून पळायची धडपड करतो. बेकर त्याला मारून सोडवतो. मरणापेक्षाही त्या पक्ष्याला माणसाची भीती जास्त होती, हे बेकरला सहन होत नाही.

माणूस असण्याची ही लाज पुस्तकभर आहे. ससाण्यासारखं बघावं, ससाण्यासारखं हिंडावं, शेवटी ससाणाच व्हावं, आणि माणूस म्हणून जे काही आहे ते खारबांधावर उतरवून ठेवावं. शेवटच्या पानांवर तो एका ससाण्यापासून काही हातांवर पोचतो आणि ससाणा पळत नाही. त्या जागी डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण पुस्तक मिटल्यावर मला कुरकुर सुरू होते. या सहा महिन्यांत इतर माणसं कुठे आहेत? बायको नाही, कचेरी नाही, शेतावरचे मजूर दूरचे ठिपके. आणि हे सगळं कुठे, तर एसेक्सच्या किनाऱ्यावर, जिथे पायाखालची प्रत्येक काठी जमीन माणसाने समुद्राकडून बांध घालून घेतलेली आहे. १९५३ साली, जानेवारीच्या शेवटच्या रात्री, उत्तर समुद्राला आलेल्या तुफानी भरतीने हेच बांध फोडले. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, त्यांतली बरीच एसेक्सची. बेकरच्या डायऱ्या त्यानंतरच्याच वर्षी, १९५४ साली सुरू होतात. ज्या खारबांधावर बसून तो ससाण्याची वाट बघतो तो बांध कोणी घातला, कोणी पुन्हा भरला, त्याच्याआड कोण बुडालं, याला पुस्तकात जागा नाही. मला गांडुळांच्या शंकेपेक्षा हे मौन मोठं वाटतं. ससाणा गांडूळ खातो की नाही हे कधीतरी कळेल, पण निर्मनुष्य एसेक्स अस्तित्वात नव्हतंच.

इथे मला माडगूळकर आठवतात आणि ही केवळ भाषाभिमानाची गोष्ट नाही. ‘नागझिरा’तला माणूसही शहरातून पळून रानात गेलेला आहे, त्यालाही एकटं राहायचं आहे. पण त्याच्या रानात माणसं आहेत. वाटा दाखवणारी, पाण्याची सोय करणारी, त्याच्याहून जास्त बघितलेली. माडगूळकरांना त्यांची अडचण होत नाही. बेकरला होते, म्हणून तो ती पुसतो. पुसल्यामुळे त्याचं पुस्तक जास्त धारदार झालं हेही मान्य करायला हवं. माडगूळकरांचं वाचून कुणी हिवाळाभर झपाटला जात नाही, बरं वाटतं फक्त. बेकरचं वाचून माणूस जानेवारीत साउथमिन्स्टरचं तिकीट काढतो.

एक शेवटची गोष्ट, जी बेकरला माहीत असणं शक्य नव्हतं. १९६७ सालीच ‘नेचर’मध्ये डेरेक रॅटक्लिफचा निबंध छापून आला: शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत. त्याआधी कबुतरं पाळणाऱ्यांनी ससाण्यांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार केली म्हणून देशभर मोजणी झाली होती, आणि मोजणीत उलटंच निघालं, ससाणे संपत चाललेत. १९६३पर्यंत ब्रिटनमधली त्यांची संख्या युद्धापूर्वीच्या ४४ टक्क्यांवर आली होती. बियाण्याला चोळलेलं विष कबुतरांत, कबुतरांतून ससाण्यात, आणि डीडीटीमुळे अंडी आईच्याच वजनाखाली फुटत होती. बेकर हा पक्षी जाणार असं धरूनच लिहीत होता. त्याच्या सगळ्या घाईला, त्या अतिरेकी उपमांनाही, मृत्युशय्येशेजारी बसलेल्या माणसाचा सूर आहे.

पण ससाणा गेला नाही. विषांवर बंधनं आली आणि तो परत आला. आता तो नॉरिचच्या कॅथीड्रलवर घरटं करतो आणि लंडनमध्ये टेट मॉडर्नच्या उंच चिमणीवर बसलेला लोकांनी रांगेने बघितलाय. गेले ते दुसरेच. बेकरच्या पानांत ज्यांच्या उसळण्यावरून ससाणा कळतो ते लॅपविंग, ते कर्ल्यू, ते करडे तितर, हे सगळे आज ब्रिटनच्या लाल यादीत आहेत. मरणार म्हणून ज्याचा शोक केला तो सुखरूप आहे, आणि त्याची बातमी देणारे कमी होत चाललेत. म्हणून मी अलीकडे हे पुस्तक उघडलं की ससाण्याच्या वाक्यांवरून झरझर पुढे जातो आणि थव्यांपाशी थांबतो. अनुवादाची ती दहा पानं अजून पुरी झालेली नाहीत. नवव्या पानावर पुन्हा पाऊस-बर्फ पडतं.